पान मोठं, आडोसा त्याहून मोठा

बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावला जाताना अमडापूर लागतं. बल्लाळदेवीची टेकडी, चहूकडे सोयाबीन-तुरीची शिवारं, भारी काळी जमीन आणि मधेमधे मुरमाड बरड. श्रावणात या रस्त्यानं जाणाऱ्याला कुणी सांगितलं, की हा मुलूख मोठ्या पानांच्या झाडांना मानवत नाही, तर त्याला ते पटायचं नाही. घरामागच्या मोरीपाशी चमकोरा, म्हणजे अळू, कमरेच्या वर गेलेला असतो, कर्दळी फुललेल्या असतात, बांधावरच्या सागाचं एकेक पान सुपाएवढं झालेलं असतं. तोच माणूस वैशाखात आला तर सागाचा नुसता सांगाडा दिसेल, कर्दळीचे वाळके दांडे दिसतील, आणि चमकोरा दिसलाच तर तिथेच, जिथे घरातलं सांडपाणी रोज न चुकता पोचतं.

या दोन ऋतूंच्या मध्ये कुठेतरी आपल्याकडची नवी हौस अडकली आहे. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अलोकेशिया, कॅलेडियम, डायफेनबाकिया ही नावं आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. तालुक्याच्या गावच्या रोपवाटिकेत ती मांडलेली असतात, नव्या घराच्या पोर्चमध्ये दिसतात, वास्तुशांतीला भेट म्हणून येतात. जुलैत आणलेलं झाड दिवाळीपर्यंत डोळ्यांत भरावं असं वाढतं. होळीनंतर त्याच्या पानांच्या कडा तपकिरी होऊ लागतात आणि मे संपता संपता कुंडीत काडी उरते. मग ‘आपल्याकडं हे जगत नाही’ असा निकाल देऊन कुंडी जिन्याखाली जाते. हा निकाल मला मान्य नाही. ही झाडं घाटावरच्या कोरड्या हवेतही जगतात, चांगली जगतात. त्यांना खतापेक्षा आणि औषधापेक्षा आधी आडोसा लागतो, आणि आडोसा कसा उभा करायचा हे वऱ्हाडाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते शहाणपण पानमळ्यात राहिलं, अंगणापर्यंत आलं नाही, एवढंच.

आधी पानाचा हिशेब समजून घेऊ. कुठल्याही पानाला चिकटून हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. बाभळीच्या बारीक पानावर तो नावापुरता असतो, झुळूक आली की पानातली उष्णता निघून जाते. हातभर पानावर हाच थर जाड होतो आणि उष्णता कोंडली जाते. म्हणून भर उन्हात मोठं पान भोवतालच्या हवेपेक्षाही जास्त तापतं. थंड होण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे पाण्याची वाफ बाहेर सोडणं. मुळांनी तेवढं पाणी पुरवलं तर पान तगतं. पुरवठा कमी पडला की झळ सगळ्यात आधी देठापासून लांब असलेल्या कडेला आणि टोकाला बसते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते, की कुंडीत पाणी असूनही मुळं मागणी पुरी करू शकत नाहीत. माती ओली आणि पान करपलेलं, हे कोडं त्यामुळेच पडतं. मग घाबरून आणखी पाणी ओतलं जातं, मुळं कुजतात आणि झाड जातं. उन्हानं मेलेली वाटणारी कितीतरी झाडं खरं तर अशी पाण्यानं मेलेली असतात.

पानांच्या आकाराचं हे गणित जगभर तपासून पाहिलं गेलं आहे. इयन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,६७० वनस्पतींच्या पानांची मापं जमवून २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. उष्णता आणि पाणी दोन्ही मुबलक असेल तिथे मोठं पान परवडतं. कोरड्या उष्ण मुलखात दिवसाचा ताप त्याला आवर घालतो, आणि जगाच्या मोठ्या भागात रात्रीचा गारठा. रात्री निरभ्र आभाळाखाली मोठं पान हवेहून गार पडतं. घाटावर पौषातल्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा उघड्या गच्चीवरच्या अलोकेशियाची पानं काळवंडतात. तीच जात व्हरांड्यातल्या छपराखाली शाबूत राहते. छप्पर ऊब देत नाही, पण पान आणि आभाळ यांच्या मध्ये येतं, आणि तेवढं पुरतं.

आपल्या रानानं या अडचणीवर स्वतःचा तोडगा काढलेला आहे. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पावसाळ्यात जा. साग, पळस ही सगळी मोठ्या पानांची मंडळी तिथे आहेत. पण उन्हाळा तोंडावर आला की ती पानं टाकून मोकळी होतात. चार महिने मोठ्या पानावर भरपूर कमवायचं आणि टंचाईच्या दिवसांत दुकान बंद ठेवायचं, असा त्यांचा बेत. मॉन्स्टेराला हे जमत नाही. तो दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या दमट जंगलातला, बारमाही पान सांभाळणारा. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ लीबमन यांनी १८४९ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. आपण त्याला कुंडीत आणून ठेवतो तेव्हा त्याला आपल्या वैशाखाची काहीच कल्पना नसते.

मॉन्स्टेराच्या कुळातल्या वेलींचं मूळ घर पाहिलं की त्यांना काय हवं ते कळतं. डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे यांनी कोस्टा रिकाच्या जंगलात मॉन्स्टेराच्या एका जातीची कोवळी रोपं पाहिली, तेव्हा ती उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरपटत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. हे निरीक्षण १९७५ साली प्रसिद्ध झालं. जंगलात सगळ्यात गडद काळोख जाड बुंध्याचा असतो. रोप त्या काळोखाकडे जातं, बुंधा सापडला की वळतं आणि मग उजेडाकडे चढतं. चढता चढता पान मोठं होतं, चिरतं, त्याला भोकं पडतात. भोकांबद्दल ख्रिस्तोफर म्यूर यांनी २०१३ साली मांडलेला तर्क मला पटतो. गर्द झाडीखाली ऊन कवडशांनीच येतं. तेवढ्याच खर्चात पान भोकं ठेवून जास्त जागेवर पसरलं, तर एखादा कवडसा त्यावर पडण्याची खात्री वाढते. म्हणजे मॉन्स्टेराची ओळख असलेली ही नक्षी मुळात उजेडाच्या टंचाईतून आली आहे. आपण त्याला पश्चिमेच्या उन्हात ठेवतो तेव्हा त्याच्या सगळ्या घडणीच्या विरुद्ध वागत असतो.

याचा पडताळा घ्यायला मॉन्स्टेरा विकत आणायचीही गरज नाही. खिडकीतल्या बाटलीत वाढणारा मनीप्लांट बघा, पान जेमतेम तळहाताएवढं. त्याचीच एक फांदी आंब्याच्या बुंध्याशी, सावलीच्या बाजूला, ओल्या जमिनीत लावा. दोन-तीन पावसाळ्यांत वेल फांदीपर्यंत पोचते, आणि वरची पानं परातीएवढी होऊन कडेला फाटू लागतात. बाटलीतली आणि झाडावरची वेल एकच आहे यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. फरक आधाराचा असतो. वर चढणाऱ्या वेलीच्या गाठींतून निघालेली मुळं सालीला धरतात, तिथली ओल घेतात, आणि प्रत्येक नवं पान आधीच्याहून मोठं येतं. खाली लोंबणाऱ्या वेलीचं पान लहान लहान होत जातं. लोंबत्या कुंडीतला मनीप्लांट कितीही खत घातलं तरी परातीएवढं पान देणार नाही.

आता पानमळ्याकडे येतो. खरं सांगायचं तर हा लेख लिहावासा वाटला तो पानमळ्यांमुळे.

सातपुड्याच्या पायथ्याशी अंजनगाव सुर्जी, अकोट, आणि आपल्या जिल्ह्यात घाटाखाली जळगाव जामोद या पट्ट्यात बारी समाजानं विड्याच्या पानाचे आणि पानपिंपरीचे मळे सांभाळले. नागवेल ही दमट हवेतली, सावलीतली वेल. तिला वारा सोसत नाही, ऊन सोसत नाही, पाणी तुंबलेलं सोसत नाही. मॉन्स्टेराच्या सगळ्या खोडी तिच्यातही आहेत. आणि तरीही बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वऱ्हाडानं ती जगवली. मळ्याच्या आत पाऊल टाकलं की कारण अंगाला कळतं. बाहेर झळा, आत गारवा. कडेला दाट कुंपण, म्हणजे वारा तिथेच अडतो. आत शेवरी, हादगा, पांगरा, शेवगा अशी हलकी सावली देणारी झाडं ओळीनं लावलेली. तीच वेलीचा आधार, तीच तिची छत्री. ऊन वाढलं की फांद्या राखायच्या, पावसाळ्यात ढगाळ हवा आली की छाटून उजेड आत घ्यायचा. पाणी थोडं आणि वारंवार, पण सरीतून निचरा झालाच पाहिजे, कारण तुंबलं की मर लागते. वेल वाढून हाताबाहेर गेली की तिची उतरण करायची: खाली घेऊन बुंध्याशी मातीत वळसा द्यायचा, म्हणजे जुन्या खोडाला नवी मुळं फुटतात आणि शेंडा पुन्हा हाताच्या अंतरावर येतो. मग लव्हाळ्यानं बांधणी.

कुंडीत मॉन्स्टेरा ठेवणाऱ्यानं आणखी काय शिकायचं राहिलं? वारा अडवा, हलती सावली द्या, थोडं थोडं पाणी द्या, निचरा सांभाळा, आधार द्या, वेल लांबली की खालचं खोड मातीला लावा. सगळं त्यात आलं.

युरोपनंही या झाडांसाठी निवारा बांधला, पण त्याची अडचण उलटी होती. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड यांना १८२९ साली बंद बाटलीत नेचं आपोआप उगवून जगलेलं दिसलं. त्यातून निघालेल्या काचपेट्यांतून जगभरची रोपं बोटींवर चढली. १८४८ साली क्यू बागेतलं लोखंड-काचेचं पाम हाऊस पुरं झालं. त्यांना ऊब साठवायची होती. आपल्याकडे ऊब उतू जाते, आपल्याला ओल साठवायची आहे. म्हणून काचेच्या खिडक्यांची, सगळीकडून बंद बाल्कनी हे आपल्यासाठी चुकीचं अनुकरण आहे. मे महिन्यात ती भट्टी होते. बारी समाजाचा हिरवा, हवा खेळणारा, पाझरता आडोसा हेच आपलं पाम हाऊस.

जमिनीनंही असा आडोसा करून ठेवलेला आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेला लोणारचं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. वरच्या पठारावर रखरखीत वारा, आणि उतारावरून खाली गेलं की दाट झाडी. काठावरच्या धारेचं गोडं पाणी बारमाही वाहतं आणि कड्यांमुळे वारा अडतो. तिथे शेती होत होती त्या काळात विवराच्या आत केळी पिकत. केळीचं पान म्हणजे वाऱ्याशी सगळ्यात लवकर हरणारं मोठं पान. ते जिथे उभं राहतं तिथे आडोसा आहे असं खुशाल समजावं.

अमडापूरसारख्या गावातल्या घरात हे कसं उतरवायचं? घराची उत्तर किंवा पूर्व बाजू निवडा. दुपारी एकनंतर थेट ऊन येणारी जागा या झाडांसाठी बाद. पश्चिमेला शेवगा किंवा हादगा लावला तर दोन वर्षांत सावली मिळते, भाजीही मिळते. तोवर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी चालेल, उन्हाळ्यापुरती पंचाहत्तरची. कुंड्या एकेक लांब मांडू नयेत, दाटीनं ठेवाव्यात. एकीची वाफ दुसरीला मिळते. खाली रेतीचा थर ओला ठेवला तर आणखी बरं. दुपारी पानांवर फवारा मारण्याचा उपयोग काही मिनिटांपुरताच असतो, त्या भरवशावर राहू नये.

मातीचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. ही रोपं बरीचशी आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात. आपल्याच गोदावरीच्या मुखाकडचा तो दमट भाग, रोपवाटिकांचं मोठं आगर. रोपासोबत लाल चिकणमातीचा घट्ट गोळा येतो. तो तसाच आपल्या काळ्या मातीत ठेवला तर दोन माती एकजीव होत नाहीत. भोवतालची काळी माती ओली असते आणि मधला लाल गोळा कोरडाठाक, किंवा नेमकं उलटं. गोळा पाण्यात भिजवून अलगद मोकळा करावा, मुळांना धक्का कमीत कमी. कुंडीत नुसती काळी माती कधीच घालू नये. पावसात ती फुगते, हवा कोंडते, उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. एक भाग माती, एक भाग जाड रेती किंवा बारीक मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत-पालापाचोळा, आणि मूठ-दोन मुठी कोळशाचे तुकडे, हे मिश्रण पुरेसं आहे. वरून सोयाबीनचं कुटार पसरावं. आपल्याकडे ते ढिगानं असतं आणि ओल धरायला त्याच्यासारखं स्वस्त आच्छादन नाही. फक्त ताजं कुटार मातीत कालवू नये, कुजताना ते मातीतलं नत्र खातं.

बोअरच्या पाण्याबद्दलही सांगितलं पाहिजे. कुंडीच्या कडेला पांढरी रेघ जमत असेल तर पाण्यात क्षार आहेत. आपली काळी जमीनही बहुधा चुनखडीची. अशा ठिकाणी लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. नवं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे त्याचं लक्षण. युरिया टाकून ते जात नाही. पावसाळ्यात पन्हाळीखाली ड्रम भरून ठेवावेत आणि उन्हाळ्यात निदान अधूनमधून त्यातलं पाणी द्यावं. मृगात कुंड्या दोन-चार सरी उघड्यावर भिजू द्याव्यात, साठलेले क्षार धुऊन जातात.

कोरड्या हवेतला खरा शत्रू लाल कोळी. अलोकेशियाच्या पानाची मागची बाजू मार्चपासून दर आठवड्याला पाहावी. निस्तेज ठिपके, बारीक जाळं दिसलं की ओल्या फडक्यानं पान दोन्ही बाजूंनी पुसावं. कपाशीवाल्या घरात पाच टक्के निंबोळी अर्क कुणाला शिकवावा लागत नाही. तोच इथे: लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारायची. पान चमकावं म्हणून तेल किंवा दूध चोळणं मात्र बंद करावं. त्यावर धूळ बसते आणि पानाची रंध्रं बुजतात.

आणखी एक. कॅलेडियम थंडीत पानं टाकतो, तेव्हा तो मेलेला नसतो. अलोकेशियाही गारठ्यात कधी कधी असाच आत जातो. कंद झोपलेला असतो. कुंडी कोरडी, सावलीत ठेवली तर उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पहिल्या पावसात पुन्हा कोंब येतो. दरवर्षी जानेवारीत उकिरड्यावर जाणाऱ्या जिवंत कंदांचं मला फार वाईट वाटतं.

हौसेच्या बाजारात सध्या पांढऱ्या-पिवळ्या छटांच्या जातींना मान आहे. न्यूझीलंडमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये अशा छटेच्या चार पानांच्या एका वेलीला लिलावात ८,१५० न्यूझीलंड डॉलर मिळाले होते. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो भाग कमवत नाही आणि उन्हात आधी जळतो. आपल्या हवेत हा सौदा करू नये असं मी स्पष्ट सांगेन. त्याच जागेत चमकोऱ्याचं एक बेट लावा. पावसाचा थेंब त्याच्या पानावर पडला की पाऱ्यासारखा गोळा होऊन घरंगळतो आणि धूळ घेऊन जातो. पानावरच्या अतिसूक्ष्म मेणाच्या उंचवट्यांमुळे हे होतं. जर्मनीच्या बार्टलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ साली कमळासोबत अळूच्या पानावरही हे तपासून दाखवलं. पहाटे त्याच पानाच्या टोकाशी एक थेंब लोंबताना दिसेल. ते दव नसतं. रात्री मुळांनी घेतलेलं जास्तीचं पाणी पान टोकातून बाहेर टाकतं. अळूच्या सगळ्या गोतावळ्यात ही खूण कमी-अधिक दिसते. टोकाला थेंब असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नका. ओल मोजायचं कुठलंही यंत्र लागत नाही.

एक सावधगिरी मात्र हवीच. अळूच्या कुळातल्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. खाण्याच्या अळूची खाज शिजवून आणि चिंच घालून आपण मारतो. शोभेचा अळू, अलोकेशिया, डायफेनबाकिया हे खायचे नाहीत. काळ्या पानांचा शोभेचा अळू स्वयंपाकाच्या अळूशेजारी लावूच नये. वासरं, शेळ्या आणि रांगती मुलं यांच्या तोंडी ही पानं लागणार नाहीत अशा उंचीवर कुंड्या असाव्यात.

आणि पाणी. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात कित्येक गावांना टँकरची वाट पाहावी लागते, तिथे शोभेच्या झाडाला पिण्याचं पाणी घालणं मला पटत नाही. चमकोरा, कर्दळ आणि केळी मोरीच्या पाण्यावर आनंदानं वाढतात. सांडपाणी शुद्ध करण्याच्या पाणथळ वाफ्यांत जगभर कर्दळ वापरली जाते. आंघोळीचं, तांदूळ-डाळ धुतल्याचं पाणी तिकडे वळवावं, कपड्यांच्या पावडरचं पाणी वेगळं काढावं. पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून बेटाच्या खालच्या अंगाला शोषखड्डा घ्यावा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे घेऊन डासांचा प्रश्न मिटवला, तो नमुना आपल्यासमोर आहे. कुंडीतल्या मॉन्स्टेराला लागणारं पाणी त्या मानानं थोडं असतं, पन्हाळीच्या ड्रममधून ते भागतं.

सोयाबीन निघालं की कुटाराचं एक पोतं बाजूला काढून ठेवावं. कार्तिकापासून पाणी निम्म्यावर आणावं, खत थांबवावं, नवं झाड तेव्हा आणू नये. गच्चीवरच्या कुंड्या मार्गशीर्षाआधी छपराखाली घ्याव्यात. शेवरीचं बी मिळवून ठेवावं आणि पश्चिमेच्या बाजूला खड्डे उन्हाळ्यात घेऊन तापू द्यावेत. मृगाचा पहिला पाऊस झाला की आधी शेवरी पेरायची, मॉन्स्टेरा त्याच्या पुढच्या वर्षी.